एकच केळं घेणारी माणसं

सोसल्याच्या थांब्यावर बसमधून उतरून कुणी एकच केळं विकत घेतलं, की गावाला कळायचं, हा माणूस मुलगी विचारायला आला आहे.

एकच केळं सहसा कुणी घेत नाही. भूक लागलेला दोन घेतो, घरी नेणारा डझनभर. एक घेतो तो माणूस, ज्याला उभं राहायला कारण हवं असतं. तो ते सावकाश सोलतो, साल कुठे टाकू म्हणून विचारतो, यंदा कालव्याला पाणी कधी सोडलं ते विचारतो, आणि मग आत्ताच आठवल्यासारखं म्हणतो, "इथे मठाच्या गल्लीत बिंदुमाधवराव राहतात ना? मास्तर होते ते?"

बिंदुमाधवरावांची मुलगी तुंगा. कावेरीच्या काठी राहायचं आणि नाव दुसऱ्याच नदीचं लावायचं, म्हणून तिला शाळेत चिडवायचे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. आई लवकर गेली. भाऊ प्रणेश नोकरीसाठी बेंगळूरला गेला आणि तिथलाच झाला. तुंगा गावातल्या अंगणवाडीत शिकवू लागली. वडिलांना गाव 'मेष्ट्रे' म्हणायचं, तिला 'तुंगा मिस' म्हणू लागलं. पुढे तिने एक जुनी स्कूटर घेतली, आणि त्या दिवसापासून ती स्कूटर गावाची झाली.

तिच्यासाठी पहिला माणूस विचारायला आला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. थांब्यावरच्या दुकानदाराने, नरसिंहमूर्तीने, आनंदाच्या भरात पाहुण्याकडून केळ्याचे पैसेच घेतले नाहीत.

"तुंगा मिस? अय्यो स्वामी, तिच्याशिवाय या गावात पान हलत नाही! माझी आई न्हाणीत पडली. कुणी उचललं? मिसने. स्कूटरवर घातलं, मला मागे बसवलं आईला धरायला, आणि थेट नरसीपूरचा दवाखाना."

"रात्रीची वेळ होती का?" पाहुण्याने विचारलं.

"रात्र असो, दुपार असो. एक हाक मारा, हजर! कुणाच्याही घरी जाते. हा आपला, तो परका, असलं काही नाही तिच्यात."

पाहुणा केळं चावत राहिला. तिथून तो मठाच्या गल्लीत गेला. समोरच्या घरातल्या जानकम्मांनी त्याला ओट्यावर बसवून ताक दिलं. त्या म्हणाल्या, "मेष्ट्रांना तिच्या हातचंच लागतं हो. दोन दिवस भावाकडे गेली होती, तर म्हातारा वाळून गेला. ती सोडून जायची नाही त्यांना. जीव आहे तिचा." मठाच्या स्वयंपाकघरातले व्यासराजाचार म्हणाले, "संतर्पणाला पंगतींवर पंगती उठतात, पण ही कमरेला पदर खोचून उभी राहिली की आम्ही पुरुष मुकाट्याने ऐकतो."

पाहुणा संध्याकाळच्या बसने परत गेला. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. खरं तर पत्रिका जुळल्यावरच तो माणूस आला होता. पण बिंदुमाधवरावांना हे विचारणं बरं वाटलं नाही, आणि तुंगाच्या मनात आलंच नाही.

असे बरेच आले. प्रत्येकाने एकेक केळं घेतलं. गावाने प्रत्येकाला पोटभर सांगितलं.

सोसल्यासारख्या गावात माणूस एकटा पडत नाही. बिंदुमाधवरावांचा चष्मा सकाळी फुटला, तर दुपारी कुणीतरी तो नरसीपूरहून दुरुस्त करून आणून ओट्यावर ठेवायचं. कुणी, ते शोधावं लागायचं. फणस कापला की चौथा हिस्सा न सांगता दारात. बस चुकली की कुणाची ना कुणाची गाडी थांबायची. पण तुंगाने डोकेदुखीची गोळी घेतली, की तास उलटायच्या आत तीन बायका सुंठीचा काढा घेऊन यायच्या आणि तिचं कपाळ चेपता चेपता विचारायच्या, "का दुखतंय? काय विचार करतेस एवढा?" नवी साडी नेसली तर कशासाठी, जुनी नेसली तर का. ती कधी रडली नाही, याचं एक कारण हे होतं की रडायला दार लावावं लागतं, आणि सोसल्यात दिवसा दार लावलं की लोक येऊन ठोठावतात, बरं आहे ना म्हणून.

पुढे पुढे केळं घेणारी माणसं यायची थांबली. तुंगाने चाळिशी ओलांडली. तिने शिकवलेल्या मुली आपल्या मुलांना अंगणवाडीत आणून सोडू लागल्या. गावाला वाटायचं, मिसना लग्न करायचं नव्हतं. हे गावाने इतक्या वेळा म्हटलं की तिलाही तसंच वाटू लागलं होतं.

लोकसभेच्या निवडणुकीत मतदानाचं केंद्र अंगणवाडीत होतं. आदल्या दिवशी मैसूरहून कर्मचारी आले. तुंगा खोली उघडून द्यायला गेली तर कपाटाची किल्ली सापडेना. ती स्वतःशीच पुटपुटली, "कुठं मेली ही किल्ली."

"वरच्या खणात नसेल तर खालच्यात बघा की," मागून कुणीतरी मराठीत म्हणालं.

ती दचकून वळली. वडील आणि भाऊ सोडून इतर कुणी पुरुष तिच्याशी या भाषेत बोललाच नव्हता. बाकावर एक चष्मेवाला माणूस मतदान यंत्राची पेटी मांडीजवळ घेऊन बसला होता. श्रीहरी त्याचं नाव. मैसूरच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचा. बायको वारली होती, मुलगी वर्षिणी आठवीत होती. किल्ली खालच्या खणातच निघाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"किल्ल्या खालच्याच खणात असतात. वरच्यात बघायची आपली सवय असते, बघा."

दुसऱ्या दिवशी रांग ओसरली तेव्हा तिने त्याला घरून चित्रान्न आणून दिलं. त्याने डबा धुऊन परत केला. गावाने दोन्ही पाहिलं.

मग फोन सुरू झाले. सोसल्यात फोनला नीट रेंज फक्त नदीच्या घाटावर. तुंगा रोज संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसू लागली. लपून राहण्यासारखी ही जागा नव्हती, आणि गावाने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. त्यावर गावाने जे केलं ते फार थोड्या गावांना सुचेल. संध्याकाळी गुरं पाण्यावर न्यायची वाट बदलली. धुणं धुणाऱ्या बायका उन्हं असतानाच आटपून जाऊ लागल्या. गोळी घेतली तर का म्हणून विचारणाऱ्या त्या गावाने यावर तिला एक अक्षर विचारलं नाही. फक्त तिच्या दारातली रांगोळी कुणीतरी सकाळी तिच्याआधीच घालून जायचं.

श्रीहरीशी बोलणं साधंच असायचं.

"आज काय केलंस जेवायला?" तो पहिल्यांदा 'तू' म्हणाला तेव्हा हेच विचारताना म्हणाला.

हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. गावाला ते माहीतच असायचं. तिच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत होतं, म्हणून तिला कुणी काही विचारतच नसे.

"दोडक्याची हुळी," ती म्हणाली. "जरा खारट झाली."

"खारट मला चालतं."

एकदा वर्षिणीने फोन घेतला आणि अडखळत, निम्मं कन्नड निम्मं मराठी, विचारलं, "तुमच्याकडे नविलु येतात का? मोर?" तुंगा म्हणाली, "येतात. तू ये, मग दाखवते." त्यानंतर ती रोज सकाळी मळ्याच्या बाजूला बघू लागली, मोर कुठे कुठे येतात ते. दिवाळीच्या सुमाराला तिने वडिलांना सांगितलं. बिंदुमाधवरावांनी चाचपडत काठी खुर्चीला टेकवली. मग म्हणाले, "मैसूर काही लांब नाही. मी शनिवारी येत जाईन बसने." ते एकटे बसने जाऊ शकत नव्हते. त्यांचे डोळे कधीच गेले होते. दोघांनाही ते ठाऊक होतं.

मार्गशीर्षात श्रीहरी एका संध्याकाळी हसत हसत म्हणाला, "अक्काला तुझं नाव सांगितलं. ती काय म्हणाली, ठाऊक आहे? 'सोसल्याची तुंगा? ती तर गावाला दिलेली मुलगी.'"

"म्हणजे?"

"अगं, फार वर्षांपूर्वी आमच्या चुलतभावासाठी आमचे मामा तिथे विचारायला आले होते म्हणे. परत येऊन म्हणाले, मुलगी सोनं आहे, पण ते गावाने अंगावर घातलंय. काढून द्यायचं नाही ते. रात्री बोलावलं तर जाते, बाप सोडणार नाही, पुरुषांवर हुकूम चालवते." तो अजून हसत होता. "मामांचं सोड. जुनी माणसं."

तुंगा हसली नाही. समोर नदीचं पाणी काळं होत चाललं होतं. न जुळलेल्या पत्रिका एकामागून एक तिच्या डोळ्यांसमोर आल्या, आणि प्रत्येकीमागे एक केळं, एक ताकाचा पेला, एक आनंदाने बोलणारा चेहरा. कुणी एक शब्द खोटा बोललं नव्हतं. रागवायचं तर कुणावर, हेही तिला कळेना. तिच्यावर एवढी माया करणारं गाव दुसरं नव्हतं, आणि याच मायेने तिचं दार बाहेरून लावून टाकलं होतं.

"अक्का एकदा येईल बघ विचारायला," श्रीहरी म्हणाला. "मी नको म्हटलं. पण आई गेल्यावर तिनेच आम्हाला वाढवलं. आमच्यात विचारल्याशिवाय होत नाही."

"येऊ दे," तुंगा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती नरसिंहमूर्तीच्या दुकानात गेली. "मूर्ती, एक मागायचं होतं."

नरसिंहमूर्ती उठून उभा राहिला. तिने आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं.

"कुणी विचारायला आलं, तर माझं कौतुक करू नका."

"मग काय, निंदा करू?"

"निंदा नको. फार बोलू नका, एवढंच. साधं बोला."

"साधं म्हणजे कसं, मिस? ते मला येत नाही. मी एक तर बोलतो, नाही तर गप्प बसतो."

"मग गप्प बसा," ती हसून म्हणाली.

ती चेष्टेत म्हणाली होती. पण तुंगा मिसने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि ते द्यायला गाव आसुसलेलं होतं. दिवेलागणीपर्यंत निरोप मठाच्या स्वयंपाकघरात पोचला, पिठाच्या गिरणीत पोचला, धुण्याच्या दगडांवर पोचला. मिसने सांगितलंय, तोंड उघडायचं नाही.

श्रीहरीची अक्का, वेदवती, संक्रांतीनंतर एका सकाळी आली. एकटीच. बसमधून उतरली, पर्स सावरली, आणि एक केळं घेतलं. नरसिंहमूर्तीने पैसे मोजून घेतले.

"बिंदुमाधवरावांचं घर इथेच ना?"

"मठाच्या गल्लीत."

"त्यांची मुलगी आहे ना एक? तुंगा?"

"असेल."

"असेल म्हणजे?"

"मी दुकान चालवतो, अम्मा. लोकांच्या मुलींकडे बघत नाही." एवढं बोलून तो बिस्किटांच्या बरण्या एकीकडून उचलून दुसरीकडे ठेवू लागला.

गल्लीत जानकम्मा ओट्यावर होत्या. त्यांनी हाक मारली की नदीपलीकडची गाय मान वर करायची. वेदवतीला पाहून त्या उठल्या. "आम्हाला काही माहीत नाही. आम्ही कमीच बोलतो."

"समोरच राहता ना तुम्ही?"

"समोर राहिलं म्हणून काय झालं? आमचं दार बंद असतं." ते दार पावसाने फुगून कित्येक वर्षं लागत नव्हतं. जानकम्मांनी खांदा लावून ते ढकललं, तरी बोटभर फट राहिली, आणि त्या फटीतून त्यांचा एक डोळा बाहेर बघत राहिला.

मठात व्यासराजाचारांनी मौन असल्याची खूण केली. घाटावर बायका धुणं धूत होत्या. वेदवतीने विचारलं तेव्हा त्यांतली एक म्हणाली, "कोण तुंगा?" आणि बाकीच्यांना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडात कोंबले. आपण केवढं अवघड काम किती छान करतो आहोत, या आनंदाचं ते हसू होतं. वेदवतीने ते पाहिलं. ज्या गावात कोंबडी हरवली तरी चार जण माग सांगतात, तिथे एका बाईबद्दल कुणालाच काही ठाऊक नाही, आणि विचारलं की बायका तोंडात पदर कोंबून हसतात. तिच्या जागी कुणीही असतं, तरी याचा अर्थ तिने लावला तोच लावला असता.

तुंगाला बस आली तेव्हाच कळलं होतं. तिने कॉफीचा डिकॉक्शन गाळून ठेवला होता. पोह्यांची अवलक्की फोडणीला टाकली होती. बिंदुमाधवराव इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत ताठ बसले होते. खिडकीतून तिला गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली वेदवती दिसली. वेदवतीने घराकडे पाहिलं. पदर खांद्यावर नीट घेतला. आता ती येणार म्हणून तुंगा दाराकडे गेली, आणि उंबऱ्यापर्यंत पोचेस्तोवर वेदवती वळून निघून गेली होती.

"कोण होतं गं?" वडिलांनी विचारलं.

"रस्ता चुकलेलं कुणीतरी असेल, अण्णा."

तिने डिकॉक्शन न्हाणीत ओतला. वास दिवसभर घरात राहिला.

संध्याकाळी नरसिंहमूर्ती आला. चेहरा उजळलेला. "एक शब्द काढला नाही, मिस! जीभ चावून चावून सुजली माझी. ही बघा." त्याने खरंच जीभ काढून दाखवली.

श्रीहरीचा फोन दुसऱ्या दिवशी आला. "काही असेल तर तू मला सांग. मी त्यातला नाही. जे काय असेल ते मला चालेल."

"काही नाही. मीच गावाला गप्प राहायला सांगितलं होतं."

"तूच सांगितलंस?"

"हो."

"का?"

तिने सांगितलं. केळी, ताक, पत्रिका, सगळं. सांगताना तिला स्वतःलाच ते रचल्यासारखं वाटत होतं. खरं होतं, तरी त्याला खऱ्याचा आवाज येत नव्हता. श्रीहरी म्हणाला, "माझा विश्वास आहे." मग थोड्या वेळाने, "पण अक्का म्हणते, झाकायचं काही नसेल, तर तोंडं बंद करायला कोण कशाला सांगेल?"

"मग तू ये," ती म्हणाली. "मला विचार. काय हवं ते विचार."

"येतो," तो म्हणाला. "परीक्षा आटपू दे."

गोष्ट गावाला कळायला वेळ लागला नाही. घाटावरचे फोन आखूड झाले हे गाव बघतच होतं. एका संध्याकाळी तुंगा फोन मांडीवर ठेवून नुसती बसलेली दिसली, तेव्हा नरसिंहमूर्तीने दुकानाची फळी लावली आणि तो घरोघर फिरला.

रविवारी एक टेम्पो मैसूरकडे निघाला. तुंगाला कुणी सांगितलं नाही. टेम्पोत नरसिंहमूर्ती होता, जानकम्मा होत्या, व्यासराजाचार होते, गिरणीवाला होता, धुणं धुणाऱ्या बायका होत्या. नारळ होते, गुळाची ढेप होती, आणि केळी होती. एक नव्हे, अख्खा घड. सरस्वतीपुरम्‌च्या शांत गल्लीत, श्रीहरीच्या घरापुढे टेम्पो थांबला तेव्हा शेजारपाजारचे लोक गच्चीवर आले.

वेदवतीने सगळ्यांना घरात घेतलं. शेजारून पेले मागवून सगळ्यांना कॉफी दिली. मग गाव बोललं. साठवून ठेवलेलं सगळं, आणि सगळे एकदम.

"त्या दिवशी मी खोटं बोललो, अम्मा! मिससारखी बाई पंचक्रोशीत नाही!"

"आमच्या घरातली सगळी बाळंतपणं तिच्या डोळ्यांदेखत झाली हो."

"कोण तुंगा म्हणाले ती मीच. मला काय माहीत नव्हतं का? चेष्टा केली."

जानकम्मा रडू लागल्या. "घेऊन जा तिला. आम्ही अडवणार नाही. आम्ही कधी अडवलं होतं?"

श्रीहरी दारात उभा होता. त्याचा चेहरा आधी उजळला, मग गच्चीवरच्या लोकांकडे पाहून उतरला. वर्षिणी त्याच्या मागे होती. टेम्पो गेल्यावर वेदवती पेले गोळा करता करता भावाला म्हणाली, "चांगली माणसं आहेत. पण एका मुलीसाठी अख्खं गाव टेम्पो करून येतं का रे कधी? काय धुवायचं होतं त्यांना एवढं?"

गाव गाणी म्हणत परत आलं. तुंगा अंगणवाडीच्या पायरीवर उद्यासाठी फळा पुसत होती.

"सगळं सांगून आलो, मिस! काही शिल्लक ठेवलं नाही!"

तुंगाच्या हातातला फडका थांबला. तिने सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. प्रवासाने दमलेले, घामेजलेले, आणि सण असल्यासारखे.

"कॉफी कशी होती?" तिने विचारलं.

"जरा पाणचट," जानकम्मा म्हणाल्या, आणि सगळे हसले. तुंगाही हसली.

श्रीहरी आला नाही. त्याचा एकदा फोन आला. तो म्हणाला, मी अक्काला दुखवू शकत नाही. बराच वेळ दोघंही फोन धरून राहिली. "तू काही बोलत का नाहीस?" त्याने विचारलं.

"काय बोललं तर चालेल, ते मला कळत नाही," ती म्हणाली.

आपल्या कौतुकाने काय झालं, ते त्यानंतर गावाला कळलं. कसं ते ठाऊक नाही, पण कळलं. आणि गावाने ठरवलं की आता मिसना त्रास द्यायचा नाही. कुणाला कळा सुरू झाल्या की लोक तिच्या दारावरून चपला हातात घेऊन जायचे आणि ॲम्ब्युलन्सला फोन करायचे. संतर्पणाला तिला बोलावलं ते पाटावर बसवायला. ती आली की दुकानातली बोलणी थांबायची. फणसाचा हिस्सा यायचा, पण आणणारं ओट्यावर ठेवून निघून जायचं. तिने दिवसा दार लावलं, तर कुणी ठोठावत नव्हतं. तिने लावून पाहिलं. पहिल्या दिवशी रडू आलं नाही. नंतर आलं.

स्कूटर अंगणात उभी असायची. तिच्यावर पारिजातकाची फुलं पडून वाळायची.

पावसाळ्यात बिंदुमाधवराव गेले. गावाने लाकडं आणली, सगळं केलं, तेराव्याला कुणी जेवल्याशिवाय गेलं नाही. पण रात्री तिच्याजवळ झोपायला कुणी आलं नाही. मिसना एकटं राहायचं असेल, असं जानकम्मा सगळ्यांना सांगत होत्या. प्रणेश म्हणाला, "बेंगळूरला चल." ती म्हणाली, "नको." तिने अंगणवाडी सोडली आणि मैसूरला आली.

लष्कर मोहल्ल्यात नागोजीरावांचा लोखंडी कपाटांचा कारखाना आहे. खाली पत्रा ठोकतात, मागच्या बाजूला त्यांचं बिऱ्हाड, आणि वर एक खोली. ती खोली तुंगाने घेतली. एका नर्सरी शाळेत काम मिळालं. पहिल्या आठवड्यात तिने कुलूप लावलं, उघडलं, उशिरा आली, लवकर गेली, कुणी विचारलं नाही. तिला हलकं वाटलं, एखादं जड कानातलं काढून ठेवावं तसं. मग तिला ताप आला. ती पडून राहिली. खालून पत्र्याचा आवाज येत राहिला, संध्याकाळी बंद झाला, सकाळी परत सुरू झाला. काढा घेऊन कुणी आलं नाही. तापात तिला वाटत होतं, जिन्यावर तीन बायका उभ्या आहेत.

एकदा देवराज मार्केटात श्रीहरी दिसला. वर्षिणी बरोबर होती, उंच झालेली. त्याने हात जोडले. "बऱ्या आहात ना तुम्ही?" म्हणाला. वर्षिणीने काही विचारलं नाही. तुंगाला सांगायचं होतं, मोर शेंगांच्या मळ्यात येतात, सकाळी. ती म्हणाली, "बरी आहे."

नागोजीरावांची मुलगी सौम्या एका शोरूममध्ये काम करते. घरात मराठी बोलतात, जुनी शिपाईगिरीतली माणसं. सौम्या संध्याकाळी तुंगाच्या जिन्यावर बसून फोनवर बोलते, कारण घरात ठोकाठोकीमुळे ऐकू येत नाही. तुंगा तेव्हा खोलीबाहेर येत नाही. पाणी भरायचं असलं तरी थांबते.

गेल्या महिन्यात दुपारी दारात एक बाई उभी राहिली. वयस्क, नीटनेटकी, जिना चढून दमलेली. हातात एकच केळं.

तुंगाने केळ्याकडे पाहिलं. मग बाईकडे.

"खालच्या घरातली मुलगी," बाई इकडेतिकडे बघत मराठीत म्हणाली, "सौम्या. तुम्ही वरच राहता, म्हणून म्हटलं विचारावं. कशी आहे हो?"

"बसा," तुंगा म्हणाली. "पाणी देते."

पाणी देताना तिच्या मनात वाक्यं येत होती. फार गोड मुलगी आहे. म्हणजे, गोड बोलून सगळ्यांना गुंडाळते. कामाला वाघ आहे. म्हणजे, घरात टिकायची नाही. जिन्यावर बसून बोलते, हसते. ते तर मुळीच नको. आणि माहीत नाही म्हणावं, तर माहीत नाहीचा अर्थ तिच्याएवढा कुणाला ठाऊक होता? बाई पाणी पीत होती आणि पेल्याच्या कडेवरून तिच्याकडे बघत होती. जितका वेळ जात होता तितका त्या डोळ्यांत काहीतरी जमत होतं. तुंगाला ते दिसत होतं.

"चांगली आहे," ती म्हणाली. ते फार कमी वाटलं. "खूप चांगली आहे." ते फार जास्त.

बाईने पेला खाली ठेवला. "पण?"

"पण काही नाही. ती आत्ता घरीच आहे. आज सुट्टी आहे तिची." तुंगाचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी लागला. "जाऊन तिलाच विचारा ना. काय हवं ते विचारा."

बाई हसली. एखाद्या लहान मुलाला हसावं तसं, मायेने. "मुलीलाच कसं विचारणार हो? असं कुठे असतं का?"

ती उठली, पदर खांद्यावर नीट घेतला आणि जिना उतरू लागली. तुंगा उंबऱ्यात उभी राहिली. जिना संपला की उजवीकडे नागोजीरावांचं दार, डावीकडे रस्ता. ती कान देऊन ऐकत होती. शेवटच्या पायरीवर पावलं थांबली. तेवढ्यात जेवणाची सुट्टी संपली, आणि खाली पत्र्यावर हातोडे पडायला लागले.